मतदार नोंदणीतला पक्षाचा रकाना: कॅलिफोर्नियात नव्याने नागरिक झालेल्यांसाठी

शपथ झाली, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात आलं, की पासपोर्ट आणि ओसीआयच्या (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाच्या) मागे सगळे लागतात. मतदार नोंदणी त्या गडबडीत उरकली जाते. शपथविधीच्या सभागृहाबाहेर बऱ्याचदा स्वयंसेवक टेबल मांडून बसलेले असतात, फॉर्म छोटा असतो, पाच मिनिटांत भरून होतो. त्यातला एक रकाना मात्र आपल्याला अगदी नवा आहे. तिथे तुमचा पक्ष विचारलेला असतो.

भारतात फॉर्म ६ भरताना हा प्रश्न कधी आलाच नाही. पक्षाचं सभासद व्हायचं असेल तर पक्षाकडे जाऊन पावती फाडायची, मतदार यादीशी त्याचा काही संबंध नाही. त्यामुळे इथे हा रकाना दिसला की आपली माणसं बिचकतात. सरकारला माझा पक्ष कशाला हवा? उद्या आई-बाबांच्या ग्रीन कार्डचा अर्ज केला तर याचा त्रास होईल का? दरवर्षी कोणीतरी मला हे विचारतंच, आणि भीती खरी असते म्हणून नीट सांगतो. त्या अर्जात तुमचा पक्ष विचारत नाहीत. तुम्ही मत कोणाला दिलं हे गुप्तच राहतं. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत नोंदवलेला पक्ष सोडून दुसऱ्या कोणालाही मत देता येतं. नोंदलेला पक्ष मात्र प्रचार करणाऱ्यांना मतदार यादीतून कळू शकतो, त्यामुळे पत्रकं आणि फोन येतील, एवढी तयारी ठेवा.

आता मुख्य मुद्दा. ज्याला कुठल्याच पक्षाचा शिक्का नको असतो तो इथे स्वतःला ‘इंडिपेंडंट’ म्हणवतो. टीव्हीवरही तोच शब्द सारखा कानावर पडतो. फॉर्ममध्ये पक्षांची यादी इंग्रजी वर्णक्रमाने आहे, आणि त्यात सगळ्यात वर नाव येतं ‘अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी’. अपक्ष राहू इच्छिणारा माणूस समाधानाने तिथे खूण करतो आणि एका पक्षात दाखल होतो.

हा पक्ष कोणता, हे माहीत असायलाच हवं. तो १९६७ साली स्थापन झाला. १९६८ मध्ये त्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी अलाबामाचे माजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांना उभं केलं. काळ्या आणि गोऱ्या लोकांच्या शाळा वेगळ्याच राहाव्यात म्हणून जाहीरपणे लढलेले हेच ते वॉलेस. त्या वर्षी त्यांनी दक्षिणेतली पाच राज्यं जिंकली. पुढे देशभरात पक्ष विरला, पण कॅलिफोर्नियाच्या यादीत टिकून राहिला. २०१६ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने या पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांची पाहणी केली, तेव्हा चारपैकी जवळजवळ तिघांना आपण एखाद्या पक्षात आहोत हेच ठाऊक नव्हतं. त्या वेळी पक्षाची नोंदणी पाच लाखांच्या आसपास होती, म्हणजे कागदावर राज्यातला तिसऱ्या क्रमांकाचा पक्ष! त्याच वर्षी पक्षाने डोनाल्ड ट्रंप यांना आपला उमेदवार केलं. ज्यांना या पक्षाची मतं पटतात त्यांनी खुशाल तिथे नोंदणी करावी, तो त्यांचा हक्क आहे. मला काळजी आहे ती नकळत तिथे पोचलेल्यांची, कारण त्यांचं मत खरोखर अडकतं.

ते कसं, हे कळायला प्रायमरी, म्हणजे मुख्य निवडणुकीआधीची उमेदवार निवडण्याची निवडणूक, समजून घ्यावी लागते. पक्षाचा उमेदवार इथे पक्षश्रेष्ठी ठरवत नाहीत, मतदार ठरवतात. राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत ज्या पक्षात तुमची नोंद, त्याच पक्षाची मतपत्रिका तुम्हाला मिळते. जून २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन आणि बर्नी सँडर्स यांच्यातली लढत कॅलिफोर्नियात आली, तेव्हा अमेरिकन इंडिपेंडंट पार्टीत नोंद असलेल्यांना नोंदणी बदलल्याशिवाय त्यात मत देता येत नव्हतं. खऱ्या अपक्षांना मात्र डेमोक्रॅटिक पक्षाची मतपत्रिका मागून घेता येत होती.

खरं अपक्ष राहायचं असेल तर पक्षांच्या यादीत शिरूच नका. ‘मला पक्ष निवडायचा नाही’ असा वेगळा पर्याय फॉर्ममध्ये आहे, तिथे खूण करा. अशा मतदारांना ‘नो पार्टी प्रेफरन्स’ म्हणतात. यातही एक ग्यानबाची मेख आहे. या मतदारांना राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीची मतपत्रिका आपोआप येत नाही. काउंटीकडून (इथल्या जिल्ह्याकडून) पोस्टाने एक कार्ड येतं, त्यावर कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते लिहून परत पाठवावं लागतं. ते कार्ड जाहिरातींच्या ढिगात गेलं, की घरी येणाऱ्या मतपत्रिकेवर बाकी सगळं असतं, फक्त राष्ट्राध्यक्षपद नसतं. शिवाय आपली मतपत्रिका अपक्षांना द्यायची की नाही, हे प्रत्येक पक्ष ठरवतो. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने दिली, रिपब्लिकन पक्षाने दिली नाही. रिपब्लिकन प्रायमरीत मत द्यायचं तर त्या पक्षातच नोंदणी हवी. म्हणून माझं मत विचाराल तर, एखाद्या पक्षाकडे तुमचा कल ठरलेला असेल तर सरळ त्या पक्षात नोंदणी करा. ती कधीही बदलता येते, त्यासाठी फॉर्म पुन्हा भरायचा, एवढंच.

बाकीच्या पदांसाठी ही कटकट नाही. २०१० मध्ये मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेल्या प्रपोझिशन १४ या बदलानंतर गव्हर्नर, राज्य विधिमंडळ आणि काँग्रेस (अमेरिकेची संसद) यांच्या प्रायमरीत सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोघं नोव्हेंबरात जातात, पक्ष कुठलाही असो. फ्रीमाँट-सनीव्हेल भागात २०१४ आणि २०१६ मध्ये काँग्रेसच्या जागेसाठी माइक होंडा आणि रो खन्ना हे दोघे डेमोक्रॅटच नोव्हेंबरात समोरासमोर होते. स्कूल बोर्ड आणि सिटी कौन्सिल तर आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारखंच, पक्षाचं चिन्ह नाहीच. मुलांच्या शाळेचा कारभार याच निवडणुकीत ठरतो, तेव्हा मतपत्रिकेचा तो भाग कोरा सोडू नका.

ज्यांच्याकडे अजून ग्रीन कार्डच आहे त्यांना हात जोडून सांगतो, मतदार नोंदणी करू नका. कोणी आग्रह केला, वाहन परवाने देणाऱ्या डीएमव्ही कार्यालयाच्या पडद्यावर प्रश्न आला, तरी नाही. नागरिकत्वाच्या अर्जात, एन-४०० मध्ये, तुम्ही कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का हा प्रश्न आहे, आणि चुकीच्या नोंदणीपायी हद्दपारीपर्यंत वेळ येऊ शकते. डीएमव्हीमधून नोंदणी करणाऱ्या नागरिकांनीही नोंद तपासावी. २०१८ मध्ये तिथली नवी पद्धत सुरू झाल्यावर सुमारे २३,००० नोंदींत चुका सापडल्या होत्या. काहींचा पक्षच बदलला होता, आणि अपात्र लोकांचीही नोंद झाली होती. निवडणुकांचं काम पाहणाऱ्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या संकेतस्थळावर आपली नोंद आणि पक्ष पाहता येतो. प्रत्येक प्रायमरीच्या दोन महिने आधी एकदा पाहा. नेहमीच्या नोंदणीची मुदत मतदानाच्या १५ दिवस आधी संपते. नंतरही मतदानाच्या दिवसापर्यंत केंद्रावर जाऊन नोंदणी होते, पण पोस्टाने मत देण्याची सोय असताना ती धावपळ कशाला?

दुसऱ्या राज्यात निघाला असाल तर तिथे नोंदणी नव्याने करावी लागते आणि नियमही बदलतात. टेक्सासमध्ये नोंदणीत पक्ष नाहीच. न्यू जर्सीत पक्षात नोंद नसलेल्याला प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष निवडता येतो, पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचं तर ५५ दिवस आधी कळवावं लागतं. न्यू यॉर्क त्याहून कडक. जूनच्या प्रायमरीसाठी पक्ष १४ फेब्रुवारीपर्यंत बदलावा लागतो. २०१६ मध्ये तर मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातच संपली होती, आणि ट्रंप यांची मुलं इव्हांका आणि एरिक यांना वडिलांनाच मत देता आलं नव्हतं. तेव्हा न्यू यॉर्कला जाणाऱ्यांनी नव्या घराचा पत्ता मिळाला की त्याच आठवड्यात फॉर्म भरावा.