स्पीडचा बीप बंद करू नका, आधी लिमिटर वापरायला शिका

नवीन गाडी घेतली की पहिल्या काही दिवसांतच लोक विचारायला लागतात, तो स्पीडचा टूं टूं आवाज बंद कसा करायचा? त्याचे जुगाड कुठेही सापडतील, मी इथे देणार नाही. माझं मत सरळ आहे, वेग वाढला की गाडीने टोकलंच पाहिजे, आणि जिथे माणसं पायी चालतात, रस्ता ओलांडतात, तिथे नुसतं टोकून भागत नाही, तिथे गाडीने वेग रोखून धरायला हवा. याचे कायदे व्हायचे तेव्हा होतील, पण निम्म्या गोष्टी तुमच्या गाडीत आजच असतात आणि आपण कधी हातच लावत नाही.

आधी आपल्या गाडीत नक्की काय आहे ते बघा. सगळ्यात साधा प्रकार म्हणजे ठरलेल्या आकड्यावर वाजणारा बीप. भारतात १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या कारमध्ये तो सक्तीचा आहे, ८० च्या वर गेलं की थांबून थांबून वाजतो आणि १२० च्या वर सलग. हायवेला ठीक आहे. पण शाळेसमोर ३० ची पाटी आहे आणि तुम्ही ६० ने निघालात तर हा बीप गप्पच बसतो, कारण त्याला रस्ता कळतच नाही. दुसरा प्रकार लिमिटर, म्हणजे ठरलेल्या आकड्यापुढे वेग जाऊ न देणारी सोय, तो आकडा तुम्ही ठरवायचा. आणि तिसरा म्हणजे कॅमेऱ्याने पाट्या वाचून किंवा मॅपवरून त्या रस्त्याची लिमिट ओळखणारी सिस्टिम, युरोपियन युनियनमध्ये ७ जुलै २०२४ पासून प्रत्येक नवीन कारमध्ये ती लागते. ती आवाज करते किंवा अॅक्सिलरेटरचं पेडल थरथरवते किंवा पायाला उलटा जोर देते किंवा सरळ इंजिनची ताकद कमी करते, यातलं काय द्यायचं ते कंपनी ठरवते. ड्रायव्हर पेडल दाबून तिच्या पुढे जाऊ शकतो, बंदही करू शकतो, फक्त गाडी पुन्हा चालू केली की ती आपोआप ऑन होते. हे मला एकदम पटतं, बंद करायचा हक्क आहे पण विसरून कायमची बंद राहात नाही.

आता लिमिटर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दलच आहेत. लिमिटर म्हणजे क्रूझ कंट्रोल नाही. क्रूझमध्ये पाय काढला तरी गाडी पळत राहते, लिमिटरमध्ये पाय तुमचाच, पाय काढला की गाडी हळू होणार, फक्त ठरवलेल्या आकड्याच्या वर तुम्ही नेहमीसारखं दाबलंत तरी ती जात नाही. बटण बहुतेक स्टिअरिंगवर असतं, त्यावर 'लिम' लिहिलेलं किंवा मीटरचं चित्र असतं, ते ऑन करून प्लस-मायनसने आकडा लावायचा. पहिल्यांदा मोकळ्या रस्त्यावर ४० ला लावून बघा, ४० आलं की पेडल हलकं हलकं वाटतं, दाबतोय पण काहीच होत नाही असं. मग पेडल पूर्ण खाली दाबा, बऱ्याच गाड्यांत शेवटी एक खटका लागतो, तो लागला की लिमिटर बाजूला होतो आणि गाडी उचलते. हे एकदा पायाला कळलं ना की 'ओव्हरटेकला अडकलो तर काय' ही भीती जाते. अर्थात लिमिट तोडल्याशिवाय होणारच नाही असा ओव्हरटेक मुळात सुरूच करू नये. उतारावर मात्र भरवसा ठेवू नका, बऱ्याच गाड्यांचा लिमिटर ब्रेक मारत नाही, तिथे खालचा गिअर आणि तुमचा पाय.

लोक लिमिटर हायवेला लावतात आणि वस्तीत शिरताना काढतात. माझ्या मते हे बरोबर उलटं आहे. हिशोब करून बघा, कोरडा रस्ता, चांगले ब्रेक, आणि ड्रायव्हरला पाय हलवायला एक सेकंद. ३० ने चाललेली गाडी साधारण १३ मीटरमध्ये उभी राहते. ५० ची गाडी त्या एका सेकंदातच जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे पहिली गाडी जिथे थांबली तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाच नाही, तिथे एखादं मूल असेल तर त्याला पूर्ण ५० चा मार बसतो. म्हणून वस्ती, शाळा, हॉस्पिटल दिसलं की आधी लिमिटर. आणि उशीर होतो म्हणाल तर १० किलोमीटर ६० ऐवजी ५० ने गेलं तर फक्त २ मिनिटं जास्त लागतात, तीही मध्ये एकही सिग्नल नसेल तर.

पाट्या वाचणारी सिस्टिम असेल तर तिचं ऐका पण डोळे उघडे ठेवून. ती शेजारच्या सर्व्हिस रोडची पाटी वाचू शकते, ट्रकच्या मागे चिकटवलेला ८० चा आकडाही पाटी समजू शकते, मॅप जुना असेल तर नवीन लिमिट तिला माहीतच नसते. चार वेळा चुकली म्हणून कायमची बंद करून टाकणं मला अजिबात पटत नाही, ती चुकते ते बहुतेक ठरलेल्या जागीच, नेहमीच्या रस्त्यावरच्या तशा जागा लगेच लक्षात राहतात. पाऊस, धुकं, खड्डे तिला कळत नाहीत, तिथे लिमिटरचा आकडा पाटीपेक्षा खालीच लावायचा.

गाडीत यातलं काहीच नसेल तर गूगल मॅप्सच्या सेटिंगमध्ये स्पीडोमीटर ऑन करा, बऱ्याच ठिकाणी तो लिमिटही दाखवतो. घरात नवीन शिकलेलं कोणी असेल तर काही कंपन्या वेगळी चावी देतात, उदाहरणार्थ व्होल्वोची केअर की, त्यात टॉप स्पीड आधीच ठरवून चावी हातात देता येते.

शेवटचं, मीटर. कंपनीचा मीटर खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्तच दाखवतो, नियमाप्रमाणे कमी दाखवायची परवानगीच नाही, म्हणून फोनवर दोन-चार आकडे कमी दिसतात. त्या फरकाच्या जोरावर लिमिटर वर चढवू नका. पण टायर मूळ साइजपेक्षा मोठे टाकले असतील तर उलटं होतं, मीटर कमी दाखवायला लागतो, तेव्हा सरळ सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चालवत शेजारी बसलेल्याला फोनवरचा आकडा वाचायला सांगा आणि जेवढा फरक निघेल तेवढा लिमिटर खाली लावा.