‘बाकी काय विशेष?’ नंतरचे तीन सेकंद कसे काढावेत

हळदीकुंकवाहून घरी आले की मला वाटायचं, दोन तास तरी गेले. घड्याळात जेमतेम चाळीस मिनिटं झालेली असायची. चार माणसांत बसायची भीती ज्यांना आहे त्यांना हा अनुभव वेगळा समजावायला नको. “जरा मोकळी हो गं, कोणी खातंय का तुला?” हे मी वर्षानुवर्षं ऐकलं आणि त्याने काडीचा फरक पडला नाही. फरक पडला तो वेळ का ताणला जातो हे कळल्यावर. म्हणून मी काय करते ते क्रमाने सांगते.

पहिलं: अंदाज आणि घड्याळ

एक छोटी वही करा. कुठल्याही कार्यक्रमातून बाहेर पडलात की घड्याळ बघण्याआधी किती वेळ गेला असेल ते मनाशी ठरवा, मग बघा, आणि दोन्ही आकडे लिहा. इंदिरानगरातल्या एका हळदीकुंकवाचे माझे आकडे होते २५ आणि ९. दोन आठवड्यांत आपल्या डोक्यातलं घड्याळ किती पुढे धावतं ते कळतं. भीतीने छाती धडधडते तेव्हा आतली मोजणीही वेग घेते, तेवढ्याच मिनिटात आतल्या घड्याळाचे जास्त ठोके पडतात, अशी संशोधकांची मांडणी आहे. त्यात लक्ष वेळेवरच खिळलेलं असेल तर मिनिट आणखी लांबतं.

कार्यक्रमात मात्र मनगटाकडे बघू नका. नजर झटकन सेकंदकाट्यावर गेली की पहिला सेकंद थबकल्यासारखा दिसतो. हा नजरेचा भ्रम सगळ्यांनाच होतो. घाबरलेल्या माणसाला तो परवडत नाही.

दुसरं: निघायची वेळ

घरूनच ठरवून जा.

तिसरं: गप्प झालेला क्षण

इथे मी कित्येक वर्षं अडकले. ओळखीच्या काकू शेजारी बसतात, तब्येत विचारून होते, मुलांचं विचारून होतं, आणि मग येतं, “बाकी काय विशेष?” मी “काही नाही” म्हणते, आणि दोघी गप्प. ते तीन सेकंद मला अर्ध्या तासासारखे वाटत.

शांतता जाणवते ही तक्रार खोटी नाही. २००९ साली दहा भाषांतल्या संभाषणांचा अभ्यास झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो असं त्यात दिसलं. तेव्हा तीन सेकंद काकूंनाही जाणवतात. पण त्या तेवढ्यात तिळगुळाच्या वाटीकडे वळतात आणि विसरतात. आपण विसरत नाही, कारण आपण त्या क्षणी स्वतःलाच बघत असतो: आवाज कापला का, चेहरा लाल झाला का. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हेच मांडलं. लक्ष आत वळतं, आणि बचावासाठी आपण ज्या युक्त्या करतो त्याच भीतीला जिवंत ठेवतात.

माझ्या युक्त्या सांगते, म्हणजे तुम्ही त्यात वर्षं घालवणार नाही. समोरची बोलत असताना मी पुढचं वाक्य घोकायचे. त्यामुळे तिचं बोलणं ऐकूच यायचं नाही आणि शांतता आणखी वाढायची. वाणाची पिशवी या हातातून त्या हातात करायचे. फोन काढायचे. सगळ्यात वाईट म्हणजे मनात एक-दोन-तीन मोजायचे. मोजणं म्हणजे वेळेकडेच डोळे लावून बसणं. आणि त्या क्षणी दीर्घ श्वास घ्यायला सांगणाऱ्यांचं तर अजिबात ऐकू नका. श्वास रिक्षात घ्या, घरी घ्या. गप्पांच्या मधोमध घेतलेला श्वास माझं लक्ष पुन्हा माझ्याच छातीवर नेऊन ठेवायचा.

करायचं ते एवढंच: बाहेरची एक गोष्ट पकडायची आणि तिच्याकडे नीट बघायचं. साडीचा काठ, ताटातली हलव्याची फुलं, दारातल्या चपला. पावसाळा असेल तर नाशिककराला विषय शोधावा लागत नाही: गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी किती आलंय, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडालाय. विचारावंसं वाटलं तर विचारा, नाहीतर नुसतं बघत राहा. शांतता भरून काढण्याची जबाबदारी एकट्या तुमच्यावर नाही. “बाकी काय विशेष?” हा प्रश्न माहिती मागत नाही, तो आपुलकीने पाठीवर ठेवलेला हात आहे. “काही नाही, निवांत,” हे त्याचं पूर्ण उत्तर झालं.

हे थेट समारंभात जमत नाही. मी सराव गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात केला. मेथीवाल्या मावशींना विचारायचं, “मावशी, कुठली मेथी?” त्या गावाचं नाव सांगत, आणि मग मी मुद्दाम गप्प राहून जुडीकडे बघत उभी राहायचे. पहिल्या बुधवारी पाय लटपटले. चौथ्या-पाचव्या बुधवारी त्याच आपणहून बोलायला लागल्या, पाणी कसं कमी पडलं, भाव कसा पडला. घाई करू नका, आठवडे लागतात.

चौथं: निघणं

ठरल्या वेळी उठा, यजमानीणबाईंना सांगून निघा. गुपचूप सटकू नका.

पाचवं: रात्र

अंथरुणावर तो एक मिनिटाचा प्रसंग तीन तास चघळला जातो. २००७ च्या एका प्रयोगात माणसांना ३१ मीटर उंचीवरून जाळीत पडू दिलं होतं. स्वतःचं पडणं त्यांना दुसऱ्यांच्या पडण्यापेक्षा साधारण एक तृतीयांशाने लांब वाटलं. पण क्षण खरंच संथ झाला असता तर मनगटावरच्या यंत्रात भराभर बदलणारे आकडे त्यांना जास्त वाचता आले असते; ते काही आले नाहीत. म्हणजे तो क्षण प्रत्यक्षात संथ झालाच नव्हता, आठवणीत लांबला होता. रात्री आपण जे बघतो ती हीच लांबलेली आठवण असते. वहीत तीन ओळी लिहा: काय विचारलं, मी काय म्हणाले, पुढे काय झालं. चौथी ओळ लिहू नका, कारण चौथ्या ओळीत ‘त्यांना काय वाटलं असेल’ सुरू होतं.

सहा महिन्यांहून जास्त काळ हे चाललं असेल, नोकरीच्या मुलाखती, लग्नकार्यं टाळली जात असतील, तर वहीवर भागवू नका. बोधात्मक वर्तन उपचार (सीबीटी), म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे उपचार, या त्रासावर चांगले लागू पडतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. फोन लावण्याआधी काय बोलायचं ते घोकू नका. “चार माणसांत बसलं की मला जमत नाही,” एवढं वाक्य पुरतं.