सर्व्हिस डॉगसोबत बाहेर पडताना: ब्रश, पंजे, दुकानं, देऊळ आणि आपली माणसं

मला खूप कमी ऐकू येतं, न्यू जर्सीत राहते, आणि माझ्याबरोबर एक पिवळी लॅब्रेडोर असते, माझी सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंगत्व असलेल्या माणसाला मदत करायला शिकवलेली कुत्री. दारावरची बेल, स्मोक अलार्म, किचनमधला टायमर, मागून कुणी नावाने मारलेली हाक, असं काही झालं की तिने मला नाकाने ढोसून सांगायचं असं तिचं ट्रेनिंग आहे. ज्यांच्या घरी असा कुत्रा येणार आहे किंवा नुकताच आलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण ट्रेनिंगबद्दल सगळे सांगतात पण रोजचं बाहेर पडणं कसं जमवायचं ते फारसं कुणी सांगत नाही. आणि माझं ठाम मत आहे की त्यातलं अर्धं काम दाराबाहेर पाऊल टाकायच्या आधी, ब्रश हातात घेऊनच होतं.

लॅबला दोन थरांची फर असते, आतली मऊ आणि वरची राठ, आणि वसंतात आणि पानगळीच्या सुमारास आतली फर अक्षरशः पुंजक्यांनी सुटते. तेव्हा रोज सकाळी निघायच्या आधी गॅरेजमध्ये किंवा बॅकयार्डमध्ये दहा मिनिटं ब्रश मारायचाच, आधी रबराच्या ब्रशने गोल गोल फिरवून सुटलेले केस वर आणायचे, मग अंडरकोट रेकने, म्हणजे आतली फर विंचरायच्या कंगव्याने, केसांच्या दिशेने ओढायचं, दाब न देता, नाहीतर कातडी लाल होते. शेवटी ओलसर मायक्रोफायबरचं फडकं अंगावरून फिरवलं की वरवरचे केस निघून जातात आणि हॉटेलात शेजारच्या टेबलावरच्या काकूंच्या साडीला चिकटत नाहीत. हे करताना हात सगळीकडे फिरवायचा, कानामागे, काखेत, बोटांच्या मधे, शेपटीखाली, कारण आमच्याकडे गोचिड्या फार आणि त्यांच्यातून लाइमचा आजार होतो. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायची, तेल-बिल लावत बसायचं नाही. व्हेस्ट, म्हणजे कामावर असताना तिच्या अंगात असतं ते जाकीट, काखेत घासून केस जातात का तेही याच वेळी दिसतं. आणि व्हेस्ट धुवा हो, कुत्रा स्वच्छ असतो आणि वास व्हेस्टला येत असतो असं खूपदा होतं.

अंघोळ महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरते, जास्त घातली तर कातडी कोरडी पडून खाज सुटते, आणि आपला शॅम्पू अजिबात नको, कुत्र्यांचाच वापरायचा. अंघोळीनंतर कान नीट कोरडे करा, लोंबत्या कानांत ओल राहिली की इन्फेक्शन होतं, इअरबड आत घालायचा नाही, कापसाने दिसतं तेवढंच पुसायचं. नखं फरशीवर टकटक वाजायला लागली की कापा असं सगळे सांगतात, मला ती टकटक ऐकूच येत नाही, म्हणून मी तिला उभी करून खाली वाकून बघते, नख जमिनीला टेकत असेल तर कापायचं, थोडंथोडंच, कारण आत रक्तवाहिनी असते आणि काळ्या नखात ती दिसत नाही. दात रोज, कुत्र्यांच्याच पेस्टने.

पंजांकडे मात्र जास्त लक्ष द्या. हिवाळ्यात फुटपाथवर मीठ टाकतात, ते बोटांमधे अडकून चरचरतं आणि मग कुत्रा ते चाटतो, म्हणून घरात येताना पंजे कोमट पाण्याने पुसायचे किंवा बूट घालायची सवय लावायची. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा, आपल्याला सोसवलं नाही तर त्यालाही सोसवणार नाही. एस्कलेटर नको, पंजा कडेला अडकून मोठी जखम होऊ शकते, लिफ्ट शोधायची, वेळ लागला तरी चालेल.

आता दाराशी काय होतं ते. एडीए म्हणजे अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट, १९९० चा कायदा, त्याच्याखाली दुकानवाले तुम्हाला दोनच गोष्टी विचारू शकतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का, आणि त्याला कुठलं काम शिकवलंय. आजार कुठला ते विचारता येत नाही, कागद मागता येत नाही, करून दाखव म्हणता येत नाही. व्हेस्टसुद्धा सक्तीचा नाही, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या रजिस्ट्रेशन कार्डांना कायद्यात काही किंमत नाही, त्यावर पैसे घालवू नका. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात पाठ करून ठेवा, मी म्हणते "आवाज झाला की ती मला सांगते", आणि पुढे चालू लागते. कुणाला अ‍ॅलर्जी आहे किंवा भीती वाटते म्हणून तुम्हाला नाही म्हणता येत नाही, पण कुत्रा आवरत नसेल आणि तुम्ही आवरत नसाल, किंवा त्याने आत शू-शी केली, तर बाहेर काढायचा हक्क त्यांना आहे, आणि तो असायलाच हवा असं मला वाटतं. म्हणून निघायच्या आधी आणि आत शिरायच्या आधी, दोन्ही वेळा शू करवून घ्या. हॉटेलात राहिलात तर केस गळले म्हणून वेगळा चार्ज लावता येत नाही, काही तोडलं-फाडलं तर लावता येतो. रेस्टॉरंटमध्ये कुत्रा टेबलाखाली, शेपूट आत, वाटेत नाही, आणि खुर्चीवर बसवायचा नाही.

देवळाचं वेगळं आहे. धार्मिक संस्थांना एडीए लागू होत नाही, त्यामुळे देऊळ नाही म्हणू शकतं, तिथे दारात कायदा सांगून उपयोग नाही, आधी फोन करून विचारा. मी मंडळाच्या गणपतीलाही आधीच कळवते, मागच्या दाराजवळ कडेची खुर्ची मागून घेते, ढोल सुरू व्हायच्या आधी बाहेर जाते कारण तिच्या कानांना तो आवाज फार होतो. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात आणि बेदाणे, मनुका, द्राक्षं याने कुत्र्यांची किडनी जाऊ शकते, एखादी आजी प्रेमाने घास पुढे करते तेव्हा हात जोडून पण स्पष्ट नाही म्हणायचं. कांदा-लसूण, चॉकलेट, झायलिटॉलवालं (साखरेऐवजी घालतात ते) च्युइंगगमसुद्धा विषारीच, तेव्हा जेवणाच्या हॉलमध्ये खाली सांडलेल्याकडे तुमचंच लक्ष हवं.

आपल्याकडची पोरं धावत येतात, "पपी पपी" करत. त्यांना रागावू नका, "बाळा, ती आत्ता कामावर आहे, हात नको लावूस" एवढं पुरतं, मोठ्यांनाच जास्त वेळा सांगावं लागतं. कुणी हात लावत असताना तिचं लक्ष गेलं आणि मागून गाडी आली तर मला कळणार नाही, हे मी सरळ सांगते, मग लोकांना पटतं.

घरी आल्यावर व्हेस्ट काढायचा आणि तिला कुत्र्यासारखं राहू द्यायचं, चेंडू, लोळणं, वास घेत भटकणं, हे रोज मिळालं नाही तर कामही नीट होत नाही.

भारतात न्यायचा विचार असेल तर तिकिटाच्या आधी कागद बघा. एअरलाइन अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा (डीओटीचा) सर्व्हिस अ‍ॅनिमल फॉर्म मागू शकते, आठ तासांच्या वरच्या फ्लाइटला शू-शीबद्दलचा वेगळा फॉर्मही. भारतात उतरायला अ‍ॅनिमल क्वारंटाइनचं, म्हणजे बाहेरून येणारे प्राणी तपासणाऱ्या सरकारी खात्याचं, एनओसी लागतं. आणि भारत अमेरिकेच्या रेबीजच्या हाय रिस्क यादीत असल्यामुळे परत येताना अमेरिकेत दिलेल्या रेबीज लशीचा सर्टिफिकेट फॉर्म लागतो, तो निघायच्या आधीच यूएसडीएकडून, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याकडून, एंडॉर्स करून घ्यावा लागतो, १ ऑगस्ट २०२४ पासून हे नियम कडक झालेत, मायक्रोचिपही हवीच. आणि एडीए तिकडे चालत नाही, पुण्यातल्या मॉलच्या गार्डला ते दोन प्रश्न माहीतच नसतात, त्यामुळे कुठे कुठे जायचं तिथे आधी फोन करून ठेवा.