प्रेमकथेतील लेखक आणि लेखिका : फरक ओळखावा कसा आणि लेखनात आणावा कसा

प्रेमकथा लिहू इच्छिणाऱ्या नवोदितांना दोन सल्ले हमखास ऐकायला मिळतात. अनुभवाबाहेरचे लिहू नये, हा एक. आणि प्रतिभेला स्त्री-पुरुष असा भेद नसतो, हा दुसरा. पहिला सल्ला शब्दशः पाळला तर पुरुषाने नायिका आणि स्त्रीने नायक रंगवूच नये असे होईल, आणि प्रेमकथेला तर दोघांवाचून गत्यंतर नाही. दुसरा पाळला तर मराठी कादंबरीत शतकाहून अधिक काळ दिसत आलेला फरक डोळ्यांआड करावा लागेल. हा फरक निसर्गाने घालून दिलेला आहे असे मी मानत नाही. कोणाला काय पाहण्याची मुभा होती आणि प्रेमाची किंमत कोणाला कोणत्या रूपात मोजावी लागली, यातून तो घडला आहे; म्हणूनच वाचनाने तो ओळखता येतो आणि सरावाने ओलांडताही येतो.

वाचन जोडीने करावे

प्रारंभ वाचनापासून करावा आणि पुस्तके जोडीने घ्यावीत : एकाच काळातले, शक्यतो एकाच सामाजिक थराविषयीचे, एक लेखकाचे आणि एक लेखिकेचे. पुण्यात राहणाऱ्यांना यासाठी फार धडपड करावी लागत नाही. १८४८ पासून चालत आलेले पुणे नगर वाचन मंदिर किंवा नारायण पेठेतील पुणे मराठी ग्रंथालय यांसारख्या जुन्या ग्रंथालयांत प्रथम चौकशी करावी.

पहिली जोडी म्हणून ना. सी. फडके आणि विभावरी शिरूरकर यांची शिफारस मी आग्रहाने करीन. फडके यांनी लेखनतंत्राचा विचार ‘प्रतिभासाधन’ या १९३१ च्या ग्रंथात मांडला, आणि त्यांच्या कादंबऱ्या वाचताना ते तंत्र किती सफाईने राबवले आहे हे दिसते : सुशिक्षित तरुण-तरुणी, पहिल्या भेटीतील आकर्षण, गुंतागुंत, ताण, आणि मग उकल. विभावरी शिरूरकर हे मालतीबाई बेडेकर यांचे टोपणनाव. त्यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ मध्ये आणि ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी त्यानंतर लगेच, १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचाही वाचक तोच, पांढरपेशा वर्गातला. दोघांच्याही नायिका शिकलेल्या. तरीही पाने उलटू लागताच आपण दोन वेगळ्या शहरांत वावरत आहोत असे वाटू लागते.

असे का वाटते, याचा शोध घेण्यासाठी प्रत्येक प्रेमप्रसंगाच्या समासात पेन्सिलीने एक प्रश्न लिहावा : या दोघांच्या आड नेमके काय येत आहे? माझ्या मते लेखक आणि लेखिका यांच्यातील सर्वांत मोठा फरक याच प्रश्नाच्या उत्तरात सापडतो. पुरुषांनी लिहिलेल्या प्रेमकथेत आड येणारी गोष्ट पुष्कळदा प्रसंगातून निर्माण होते : गैरसमज, प्रतिस्पर्धी, हरवलेले पत्र, वडिलांचा हट्ट. ती दूर झाली की मीलन होते आणि कथा संपते. ‘कळ्यांचे निःश्वास’मधील मुलींच्या वाटेत मात्र त्यांची स्वतःची कमाई येते. शिकून नोकरीला लागलेल्या मुलीच्या पगारावर घर चालू लागते, आणि तिच्या लग्नाचा विषय घरातल्या कोणालाच निकडीचा वाटेनासा होतो. येथे खलनायक कोणीच नाही. आईवडील प्रेमळच आहेत, आणि म्हणूनच ही अडचण कोणत्याही युक्तीने सुटत नाही. ‘हिंदोळ्यावर’मध्ये पतीपासून दुरावलेल्या स्त्रीच्या आयुष्यात दुसरा पुरुष येतो. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये आणि देशभराचा हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे १९३४ मध्ये तिच्यासमोर उभी असलेली भिंत किती खरी होती हे कळते. या पुस्तकांनी तेव्हा जी खळबळ उडवली, तिचे कारणही मला याच भिंतीत दिसते.

यावरून स्वतःच्या कथेसाठी एक कसोटी तयार करता येते. आपल्या कथेतील अडचण एका दूरध्वनीने, एका खुलाशाने किंवा एका योगायोगाने दूर होत असेल, तर ती तात्पुरती अडचण आहे. तिच्याखाली दुसरी, अधिक टिकाऊ अडचण आहे का, हे शोधावे : पैसा, वय, जात, आईचे आजारपण, कोणी कोणाच्या शहरात यायचे हा प्रश्न. लेखकांनी ही खालची अडचण आणि लेखिकांनी वरची, घटनांना वेग देणारी अडचण जाणीवपूर्वक घडवावी, असे मी सुचवीन. फडके यांची पकड आणि शिरूरकरांची खोली एकाच कथेत यायला काहीच हरकत नाही.

पाहणे आणि वाटणे

दुसरे वाचन क्रियापदांसाठी करावे. प्रेमप्रसंगाचे एक पान घेऊन ‘दिसली, पाहिले, न्याहाळले’ अशा क्रियापदांखाली एका रंगाची आणि ‘वाटले, आठवले, जाणवले, उमगले’ अशा क्रियापदांखाली दुसऱ्या रंगाची रेघ ओढावी. जुन्या पुरुष कादंबरीकारांच्या पानांवर पहिला रंग दाट होतो आणि तो बहुतेक नायिकेभोवतीच जमतो. तिची साडी, तिचा केशसंभार, तिची चाल. नायक कसा दिसतो हे पुष्कळदा कळतच नाही. गौरी देशपांडे यांच्या दीर्घकथांत ही दिशा उलटते. तेथे स्त्री पुरुषाला पाहते, त्याच्या शरीराविषयी आणि सवयींविषयी तिला मते असतात, आणि त्या मतांत ओढ असते तशी चिकित्साही असते. पुण्यातील शिकलेल्या घरांची ऐट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या नायिकांचा रोखठोकपणा अधिकच ओळखीचा वाटेल.

इंग्रजी ग्रंथांच्या संगणकीय अभ्यासात, श्लोमो आर्गामॉन आणि मोशे कॉपेल यांच्या गटाला २००३ च्या सुमारास असे आढळले होते की स्त्रियांच्या लेखनात सर्वनामांचे प्रमाण सरासरीने अधिक असते आणि पुरुषांच्या लेखनात नामापूर्वी येणाऱ्या निर्देशक शब्दांचे. हा निष्कर्ष मराठीला जसाच्या तसा लावू नये. मराठीत सर्वनाम अनेकदा क्रियापदातच सामावते, आणि प्रथमपुरुषी निवेदकाचे लिंग ‘मी थांबलो’ किंवा ‘मी थांबले’ या पहिल्या वाक्यातच उघड होते. त्यामुळे मराठी लेखकाला एक सोपा भ्रम होतो : क्रियापदाचे रूप बदलले म्हणजे स्त्रीचा आवाज साधला. तो तेवढ्याने साधत नाही. उतारा लिहून झाल्यावर सर्व क्रियापदे दुसऱ्या लिंगात करून पाहावीत. तरीही उतारा तितकाच पटत असेल, तर बोलणारी व्यक्ती अजून घडलेली नाही.

एकच प्रसंग दोनदा लिहावा

यापुढचा सराव प्रत्यक्ष लेखनाचा आहे. डेक्कनकडून नारायण पेठेकडे जाणारा झेड पूल घ्या. संध्याकाळ आहे, दुचाक्या कठड्याला लागल्या आहेत, आणि दोघांना एक अवघड गोष्ट बोलायची आहे. हा प्रसंग प्रथम त्याच्या आणि मग तिच्या बाजूने लिहावा, संवाद मात्र दोन्ही वेळा अक्षरशः तेच ठेवावेत. तिच्या बाजूने लिहिताना चेहऱ्यावरचा स्कार्फ सोडावा की नाही, ओळखीचे कोणी जाईल का, वसतिगृहाचे दार किती वाजता बंद होते, घरी उशिराचे कारण काय सांगायचे, हे सारे प्रेमाच्या वाक्यांच्या मधोमध येते. त्याच्या बाजूने लिहिताना काय येते? येथे अनेकांची लेखणी अडते, आणि विशेषतः लेखिकांची. त्यांचा नायक एक तर अतिसमंजस होतो, नाही तर निष्ठुर. त्याला मित्र नसतात, कर्जाचा हप्ता नसतो, नोकरीतला अपमान नसतो, आपण नाकारले जाऊ ही भीती नसते. ती भीती शब्दांत आणावी. ती लपवण्यासाठी तो जे विनोद करतो किंवा ज्या क्षुल्लक गोष्टीवर चिडतो, तेही लिहावे.

उलट बाजूने, पुरुषाने स्त्रीचे मन लिहिण्याचा उत्तम धडा हरि नारायण आपटे यांनी पुण्यातच घालून दिला आहे. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः आली आणि ती यमूच्या तोंडून सांगितलेली आहे. रूढ अर्थाने ती प्रेमकथा नव्हे, परंतु यमू आणि रघुनाथराव यांच्यातील स्नेहाची पाने मला मराठीतील अत्यंत हळुवार पानांपैकी वाटतात. एकत्र कुटुंबात नवराबायकोला मोकळेपणाने बोलायलाही जागा नसते, ही एकच गोष्ट हरिभाऊंनी इतक्या बारकाईने पाहिली आहे की तिच्यातूनच माया आपोआप व्यक्त होते. नायिकेच्या रूपाचे वर्णन करण्याऐवजी तिला घरात कोठे उभे राहता येते हे त्यांनी पाहिले. पुरुष लेखकांनी हे तंत्र जसेच्या तसे उचलावे.

वि. स. खांडेकर यांची १९५९ ची ‘ययाति’ ही दुसरी पाठशाळा. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघेही तेथे स्वतः बोलतात. भाषा तिघांचीही अलंकृत आहे, आणि ती बरीच सारखी आहे हे मला त्या कादंबरीचे उणेपण वाटते. परंतु एकच विवाह तिघांना किती वेगळा भासतो हे शिकण्यासाठी तिच्याइतके सोयीचे पुस्तक दुसरे नाही.

शेवट आणि नाव

शेवटाविषयी इंग्रजी जगाकडे एक नजर टाकणे उपयोगी ठरते. तेथील रोमान्स या प्रकारात बहुसंख्य लेखिकाच आहेत, आणि १९८० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील रोमान्स लेखकांच्या संघटनेने आशादायी, समाधान देणारा शेवट हे या प्रकाराचे लक्षणच मानले. निकोलस स्पार्क्स मात्र आपण रोमान्स नव्हे तर प्रेमकथा लिहितो असे आवर्जून सांगतात, कारण त्यांच्या कथा वियोगात संपू शकतात. एरिक सीगल यांच्या १९७० च्या प्रसिद्ध कादंबरीतही नायिकेचा मृत्यू होतो. नायिकेला मारून नायकाचे प्रेम अमर करण्याचा मोह पुरुष लेखकांना वारंवार होतो. असा शेवट सुचलाच, तर ती जगली असती तर दोघांचे सहा महिन्यांनी कशावरून भांडण झाले असते, हे एक पानभर लिहून पाहावे. ते पान लिहिता आले नाही, तर मृत्यू हा पळवाट म्हणून आला आहे असे समजावे.

टोपणनावाचा प्रश्न बराच पुढचा आहे. इंग्रजीत टॉम हफ यांनी जेनिफर वाइल्ड आणि इयन ब्लेअर यांनी एमा ब्लेअर हे स्त्रीनाव घेऊन प्रेमकादंबऱ्या लिहिल्या. वाचकांची अपेक्षा लेखिकेची होती. मालतीबाईंनी स्त्रीचेच नाव राखून स्वतःला मात्र झाकले. नाव कोणतेही घ्यावे, पण हस्तलिखित वाचायला देताना ते काढून द्यावे. वाचकाला ‘हे कोणी लिहिले असेल?’ असे विचारू नये, कारण त्या उत्तरातून वाचकाचे पूर्वग्रहच अधिक कळतात. कोणत्या ओळीवर विश्वास उडाला, तेवढे विचारावे आणि ती ओळ पुन्हा लिहावी.

सर्वांत शेवटी संवाद मोठ्याने वाचून घ्यावेत, आणि तेही अदलाबदल करून : नायिकेची वाक्ये पुरुषाने, नायकाची स्त्रीने. ‘तुम्ही’चे ‘तू’ कधी झाले, ते प्रथम कोणी म्हटले आणि दुसऱ्याने ते कसे स्वीकारले, हे अशा वाचनात लगेच कानाला खटकते किंवा पटते. तो क्षण कथेत कोठेच नसेल, तर तो लिहून त्याला पहिल्या स्पर्शाइतकीच जागा द्यावी.