ब्रा बरोबर बसायला हवी असेल तर आधी पट्टा बघा

ब्लाउजचा नंबर सांगून ब्रा मागणं आधी बंद करा. ३६चा ब्लाउज म्हणजे छातीच्या सगळ्यात भरीव भागावरचा घेर ३६ इंच. ब्रावरचा आकडा मात्र छातीच्या खाली, बरगड्यांभोवती बसणाऱ्या पट्ट्याचा असतो. ही दोन वेगळी मापं आहेत, पण आई, मावशी आणि काउंटरवरचे दादा, सगळ्यांच्या लेखी ती एकच. म्हणून कॉलेजात ठरलेला नंबर मुलं दहावीला गेली तरी तोच राहतो. फार तर "३४ होत नाही, आता ३६ द्या" एवढीच प्रगती. आमच्या घरात कुणाचं लग्न ठरलं की ही खरेदी हमखास माझ्या गळ्यात पडते. तेव्हा प्रत्येकीला जे सांगते तेच इथे लिहितेय.

घोळ नको म्हणून आधीच सांगते: 'पट्टा' म्हणजे खालचा, मागे हुक लागतात तो. खांद्यावरचे ते स्ट्रॅप.

मापं

पॅड नसलेली पातळ ब्रा घालून आरशासमोर उभ्या राहा. श्वास सोडा आणि छातीच्या लगेच खाली टेप घट्ट, सगळीकडून एका रेषेत धरा. हे पहिलं माप. मग भरीव भागावरून टेप नुसती टेकवा, आवळू नका. हे दुसरं. छाती जड किंवा उतरलेली असेल तर दुसरं माप कमरेतून वाकूनही घ्या आणि दोन आकड्यांच्या मधला धरा. पाळीच्या आधीच्या दिवसांत मापू नका. झालं.

हिशेब

समजा, पहिलं माप ३१ आलं आणि दुसरं ३६. पट्टे सम आकड्यांत मिळतात, म्हणून पट्टा ३२. आता ३६ मधून ३२ गेले, राहिले चार. एक इंच फरक म्हणजे ए, दोन बी, तीन सी, चार डी, पाच डीडी. म्हणजे ३२ डी.

इथे समोरून ठरलेलं वाक्य येतं: "डी? एवढी कुठे आहे मी!" डी म्हणजे मोठं असं काही नसतं. अक्षर फक्त दोन मापांतला फरक सांगतं, त्यामुळे ३२ डी आणि ३८ डी यांचे कप कधीच सारखे नसतात. उलट ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी या तिघींच्या कपात साधारण सारखंच मावतं, बदलतो तो पट्टा. आता ब्लाउजच्या नंबरावरून ३६ बी घेणाऱ्या बाईचं काय होतं बघा. कप ठीक बसतो, त्यामुळे आपला साइझ चुकलाय असा संशयही तिला येत नाही. पट्टा मात्र दोन नंबर सैल, आणि दिवसभर सगळं ओझं खांद्यांवर.

"खालच्या मापात चार-पाच इंच मिळवायचे" हा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईलच. सरसकट मिळवू नका. काही कंपन्यांच्या तक्त्यांत ते आधीच धरलेले असतात, काहींच्या नसतात. जर्मनीतल्या भाचीनं पाठवलेल्या ब्रावर ७५ बी लिहिलेलं असेल तर ते ७५ सेंटीमीटर, म्हणजे साडेएकोणतीस इंच. तीच ब्रा इंचांच्या तक्त्यात ३४ म्हणून दाखवतात! तेव्हा ज्या कंपनीची घेताय तिचा तक्ता बघा आणि हिशेबातून आलेल्या साइझपासून नुसती सुरुवात करा. ३२ डी निघालं तर ३४ सी आणि ३२ डीडी या दोन्हीही ट्रायल रूममध्ये घेऊन जा.

पट्टा

खरी गोम इथे आहे. मला हे कळायला बराच वेळ लागला, आणि मी बरोबर नेलेल्या जवळजवळ सगळ्याजणी इथेच अडतात. पट्टा आवळतोय की कप लहान आहे, हे घातल्या घातल्या कळतच नाही. कप लहान असला की छाती पट्ट्याला पुढे ओढते, बरगड्यांवर काच पडतो, कोंडल्यासारखं होतं. मग आतून आवाज येतो, "आवळतंय, मोठा नंबर द्या." बाहेरून ३२ डीच्या जागी ३४ डी येते. तिचा पट्टाही मोठा आणि कपही मोठा, त्यामुळे बरं वाटतं. बरं वाटलं ते कपामुळे, पण घरी येतो तो सैल पट्टा.

यावर एकच खात्रीचा उपाय आहे. ब्रा उलटी फिरवून घाला: कप पाठीवर, हुक पुढे, स्ट्रॅप मोकळे लोंबते. हुक सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सगळ्यात सैल रांगेत लावा. आता त्या पट्ट्यात छाती नाही, फक्त बरगड्या आहेत. दोन-चार खोल श्वास घ्या. स्टुलावर बसून बघा. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत, मूठ जाता कामा नये. एवढं जमलं तर पट्टा बरोबर आहे. मग सरळ घातल्यावर आवळलं तर दोष कपाचा. आकडा तोच ठेवा, अक्षर एकानं वाढवा.

उलटी घालूनही श्वास अडत असेल तर पट्टा खरंच लहान आहे. तेव्हा आकडा एक पायरी वर आणि अक्षर एक पायरी खाली: ३२ डीच्या जागी ३४ सी. पट्टा ढिला असेल तर याच्या बरोबर उलट. नुसता आकडा बदलून अक्षर तसंच ठेवलंत तर कपही बदलतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पट्टा ठरला की ब्रा सरळ घाला, आरशाकडे पाठ करा आणि मान वळवून बघा. पट्टा पुढे जेवढ्या उंचीवर आहे तेवढ्याच उंचीवर मागेही आडवा हवा. पाठीवर मधोमध वर चढून कमान झाली असेल तर तो सैल आहे, मग अंगाला कितीही मऊ लागो. "स्ट्रॅप आवळून घे, वर उचललं जाईल" असं सांगणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार. स्ट्रॅप आवळले की ते पट्ट्याला मागून आणखी वर ओढतात, पुढची बाजू आणखी खाली येते आणि खांद्यावर खाचा पडतात त्या वेगळ्याच. वजन पट्ट्यानं पेलायचं असतं. दोन्ही स्ट्रॅप खांद्यावरून उतरवून उभं राहिलं तरी ब्रा जागची फारशी हलता कामा नये.

नवी ब्रा बाहेरच्या रांगेतच नीट बसली पाहिजे. आतल्या रांगा पुढे इलॅस्टिक सैल पडेल तेव्हासाठी असतात. "आतला हुक लावा ना ताई, एकदम फिट बसेल" असं ऐकलं की ती ब्रा तिथेच ठेवून द्या. आणि पाठीवर वळ्या दिसतात म्हणून मोठा नंबर घेऊ नका. त्यासाठी रुंद पट्ट्याची, तीन-चार हुकांची घ्या.

साध्या सुती ब्रामध्ये इलॅस्टिक मागे बोटभरच असतं, बाकी कापड ताणत नाही. तिथे ३२च्या जागी ३४ लागू शकतो. उलटी घालून बघायची युक्ती तिलाही लागू आहे.

कप

हुक लावल्यावर थोडं पुढे वाका. उजवा हात डाव्या कपात घालून काखेच्या बाजूचा सगळा मऊ भाग पुढे कपात ओढून घ्या, मग दुसऱ्या बाजूलाही तेच. हे न करता कप ठरवलात तर हमखास एक अक्षर लहान घ्याल. काखेतली 'चरबी' म्हणून जिला नावं ठेवली जातात ती बऱ्याचदा लहान कपानं बाहेर ढकललेली छातीच असते. आता सरळ उभ्या राहा. कपाच्या कडेवरून छाती फुगून वर आली तर कप लहान, कापड चुरगळलं तर मोठा. एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असणं अगदी नेहमीचं आहे. माप मोठ्या बाजूचं धरा, लहान बाजूत पातळ पॅड सरकवा.

तारेची ब्रा असेल तर तार छातीच्या मुळाशी, बरगडीवर बसायला हवी. छातीवरच रुतत असेल तर नको. दोन कपांच्या मधला तुकडा हाडाला टेकलेला हवा. "तारेनं कॅन्सर होतो" हे ज्या काकू सांगतात त्यांना सांगा की सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रात पाळी गेलेल्या सुमारे दीड हजार बायकांचा अभ्यास झाला. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला आणि तारेचा, कपाच्या साइझचा किंवा रोज किती तास ब्रा घातली याचा स्तनांच्या कर्करोगाशी संबंध दिसला नाही. बाळाला पाजत असाल तर मात्र तार टाळा. दाबामुळे दूध अडून गाठी होऊ शकतात.

स्ट्रॅपखाली दोन बोटं जावीत, बस.

आता वरून कुर्ता चढवा आणि वरच्या फळीवरचा डबा काढावा तसे दोन्ही हात उंच करा. ब्रा पुढून वर सरकली तर पुन्हा पट्ट्याकडे.

ट्रायल रूम नसेल तेव्हा

तुळशीबागेत किंवा दादर स्टेशनबाहेर स्वस्तात मिळते, पण अशा बाजारात घालून बघायची सोय बहुतेक ठिकाणी नसते. तिथे पैसे देण्याआधीच विचारा, "बसली नाही तर बदलून द्याल का?" नाही म्हणाले तर ज्या कंपनीचा नंबर आधी घालून पाहिलाय तेवढीच घ्या. बदलून देत असतील तर लेबल न काढता घरी घालून बघा. तीनचा सेट स्वस्त पडतो म्हणून पहिल्याच फेरीत उचलू नका. एक घ्या, दिवसभर घाला, मग बाकीच्या. "ताई, सगळ्यांना 'बी'च लागतो" असं कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ दुकानात 'बी'च आहे. ऑनलाइन मागवताना आतले कपडे परत घेतात का ते आधी वाचा.

ब्लाउज शिवायला टाकणार असाल तर माप द्यायला नवी ब्रा घालूनच जा. टेलर खांद्यापासून टोकापर्यंत जे माप घेतो त्यावर टक्स आणि कटोरी कुठे येणार ते ठरतं. पट्टा बरोबर झाला की ते टोक वर येतं, त्यामुळे जुने कटोरी ब्लाउज जरा विचित्र दिसतात. काहींना टक्स सोडून पुन्हा घालावे लागतील, ते टेलरला एकदमच देऊन टाका.

धुताना हातानं, गार पाण्यात. पिळायची नाही, आणि स्ट्रॅपला चिमटा लावून टांगायची नाही. सगळ्यात आतल्या हुकावरही पट्टा पाठीवर चढायला लागला की ती ब्रा संपली. वजन कमीजास्त झालं किंवा बाळंतपण झालं की जुना नंबर विसरा आणि टेप काढा.