केमिकल कंपनीत नाही, फिल्टर प्लांटवर जमलं!

दहावीनंतरच्या सुट्टीत केमिकल इंजिनिअरिंगचं काम जवळून पाहायचं होतं. यवतमाळकडच्या आमच्या गावात कापसातून सरकी काढणारं जिनिंग सोडलं तर कारखाना नाही. एमआयडीसीतल्या कंपनीने गेटवरूनच परत पाठवलं. त्यांचंही बरोबर, धोकादायक कामावर 18 वर्षांखालच्यांना कायद्यानेच मनाई आहे.

सर म्हणाले, नगर परिषदेचा पाणी शुद्ध करायचा फिल्टर प्लांट बघ. शाळेच्या लेटरहेडवर ‘फक्त निरीक्षण, यंत्रांना हात लावणार नाही’ असं लिहून घेतलं, खाली बाबांची सही. त्या ओळीनंच काम झालं.

ऑपरेटर काका जार टेस्ट करायचे. सहा बीकरमध्ये धरणाचं गढूळ पाणी, प्रत्येकात तुरटीचा डोस वेगळा. आधी जोरात ढवळायचं, मग अगदी हळू. गाळाचे सरकीवरच्या कापसासारखे पुंजके होतात नि खाली बसतात. सगळ्यात कमी तुरटीत जिथं पाणी निवळलं, तो डोस प्लांटला. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलंय का, तेही रंगावरून पाहायला शिकलो. क्लोरीन सिलिंडरच्या खोलीत मात्र जाऊ दिलं नाही.

निरीक्षण केल्याचं सही-शिक्क्याचं पत्र शेवटच्या दिवशीच मागून घ्या. नंतर गेलं की साहेबांची बदली झालेली असते.