रोइंगचा व्हिडिओ काढताना या चुका टाळा

जळगावचा मेहरूण तलाव असो की हतनूर धरणाचं पाणी, मोबाईल हातात असला की रोइंगचं, म्हणजे बोट वल्हवण्याच्या खेळाचं, शूटिंग कुणीही करू शकतं. पण कॅमेरा चुकीच्या जागी असला, तर खेळाडूत नसलेला दोष दिसतो आणि आपण आठवडाभर तोच सुधारत बसतो.

सगळ्यात घातक चूक तिरक्या कोनाची. काठावर एका जागी उभं राहून शूट केलं, तर बोट अगदी समोर येते तेव्हाचे मोजकेच स्ट्रोक (वल्ह्याचे फटके) खरे दिसतात. त्याआधी आणि नंतर खेळाडूची पोहोच आखूड भासते, पाठीचा कलही फसवतो. म्हणून निकाल फक्त समोरच्या स्ट्रोकवरून द्यावा. शक्यतो काठापासून मागे सरकून ट्रायपॉडवरून झूम करावं. कोन हळू बदलतो आणि कामाचे स्ट्रोक वाढतात. वल्ह्यांची दोन्ही पाती एकाच वेळी पाण्यात जातात का, बोट एका बाजूला झुकते का, हे मात्र बाजूने कळणार नाही. त्यासाठी बोटीच्या मागून शूट करा.

दुसरी चूक, सेकंदाला ३० फ्रेमचा साधा व्हिडिओ. मिनिटाला ३६ स्ट्रोकच्या वेगात एक स्ट्रोक जेमतेम १.७ सेकंदांचा. पातं पाण्यात शिरण्याचा क्षण त्यात दोन-चार फ्रेममध्येच निसटतो. पातं बुडण्याआधीच पाय ढकलले जातात का, हा तर मुख्य प्रश्न! १२० फ्रेमवर तो स्वच्छ दिसतो. फक्त स्लो मोशनच बघू नका, लय मूळ वेगातच कळते.

सकाळी शूट करणार असाल तर पूर्वेच्या काठावर उभे राहा, म्हणजे ऊन पाठीशी राहील. नाहीतर पाण्याच्या चकाकीत पातं हरवतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा मोबाईल सावलीत ठेवा. तापला की रेकॉर्डिंग मध्येच थांबतं.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते: ताज्या दमाच्या, संथ स्ट्रोकचंच शूटिंग. शर्यत २००० मीटरची असते. शेवटच्या ५०० मीटरमध्ये पाय थकले की बोटीतली सरकती सीट आधी सरकते, वल्ह्याचं हँडल मागे राहतं, ताकद वाया जाते. ते शूट करा.

दाखवताना पोरांसमोर दहा चुका मांडू नका. एक निवडा, त्याच दिवशी दाखवा, आणि पुढच्या सरावात त्याच जागेवरून, त्याच स्ट्रोक रेटला, म्हणजे मिनिटाला तितक्याच स्ट्रोकवर, पुन्हा शूट करा. जागा बदलली तर तुलना होत नाही.